किरकोळ खर्च

पहाटे सव्वातीन. दादरच्या पुलाखाली
गोंड्याचे क्रेट उतरायला लागतात, मी टॅबलेट उघडते.
प्रश्न सातवा: भाव पडला तर पहिल्यांदा कोणाला सांगता?
आगाशीहून सोनचाफा आणणारी फिलोमिना डाबरे
ओल्या फडक्याखाली कळ्या मोजता मोजता म्हणते,
"नवऱ्याला. मग देवाला. दोघंही ऐकत नाहीत."
टॅबलेटमध्ये देवासाठी कोड नाही.
मी 'इतर' निवडते.

एकशे ब्याऐंशी माणसं, तेवढेच ठिपके.
कोण कोणाला उसने देतं, त्याची निळी रेघ,
कोण कोणाला भाव सांगतं, त्याची तांबडी.
संस्थेच्या भिंतीवर लावलं तेव्हा
सर म्हणाले, वा, रांगोळीच की.
रांगोळीला मधोमध भेग होती:
पुलाअलीकडचे अलीकडे, पलीकडचे पलीकडे,
तांबडी नाही, निळी नाही,
मधून एक रेघ जात नाही.
आणि तरी
अलीकडे गोंडा चाळीसवर आला
की चार मिनिटांत पलीकडे चाळीस.
वाऱ्याने जातो की काय? सरांनी विचारलं.
मी हसले नाही. मला वाटलं, जात असेल.

वारा नव्हता.
खांद्यावर रिळांची माळ घातलेला यासीन मणियार होता.
फुलं विकत नाही, म्हणून नमुन्यात नाही.
दोरा विकतो, हारवाल्यांना, गजरेवालींना,
उसवलेल्या टोपलीलासुद्धा.
"आज काय?" एवढंच विचारतो,
आणि पलीकडे कोणी तेच विचारलं
तर अलीकडचं उत्तर देतो.
मी म्हटलं, चाचा, तुम्ही भाव पोचवता.
"छे. मी दोरा पोचवतो.
भाव काय, चिकटून येतो."

श्रावणात ॲप आलं.
हिरव्या टीशर्टातली पोरं, तीन वाजता ठरलेला दर,
डबीतून बाईचा आवाज: बाराशे रुपये प्राप्त झाले.
खोटं कशाला बोलू, फिलोमिनाला आवडलं.
पैसे नवऱ्याच्या खिशाआधी बँकेत जातात,
उजाडायच्या आत ती घरी,
लेकीची वेणी आता स्वतः घालते.
हे मी लिहिलं. एका ओळीत बसलं: कल्याणात वाढ.
हार भिवंडीच्या गोदामात व्हायला लागले,
नायलॉनमध्ये.
यासीनच्या फेऱ्या वीस झाल्या, मग सहा.
दिवाळीनंतर तो दिसला नाही.

जानेवारीच्या आकड्यांत
अलीकडे गोंडा अडतीस, पलीकडे साठ.
अंतर मी मोजलं, दीडशे पावलं.
सगळ्यांच्या हातात फोन, फोनमध्ये भाव,
ज्याचा त्याचा, ज्याला त्याला.
सर खुलले. म्हणाले, ही तफावत हाच निष्कर्ष.
आणि कारण?
लिहिलं: कारण हा पुढील संशोधनाचा विषय.

एक तळटीप टाकली होती मी, त्याच्या नावानिशी.
परीक्षकाने समासात विचारलं,
एका माणसावरून सिद्धांत?
बरोबर आहे. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही.
तळटीप काढली.
पान उलट नीटनेटकं दिसायला लागलं.

पण अगदी पहिल्या दिवशी
बोलायला निमित्त म्हणून त्याच्याकडून
एक रीळ घेतलं होतं, पांढरं, जाड,
दाताने तोडायला गेले तर हसला होता:
"हा असा नाही तुटत, ताई."
ते प्रकल्पाच्या खर्चात लावलं.
किरकोळ: दोरा, नग एक, रुपये पंधरा.
एकूण तीनशे पानांत
त्याची तेवढीच नोंद.

काल हिशेब विभागातून फोन आला.
बाकी सगळं जुळलंय मॅडम, पंधरा रुपये अडलेत.
या माणसाची पावती कुठाय?

म्हटलं, शोधतेय.